रिकाम्या दिवसांचा हिशेब

गेल्या महिन्यात एका जुम्म्याला नमाज उरकून आम्ही तिघं मित्र नेहमीप्रमाणे चहाला बसलो होतो. तिघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे. एक हायस्कूलमध्ये शिकवतो, आम्ही त्याला मास्तर म्हणतो. दुसऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिसरा मी. पंचवीस वर्षं आम्ही सह्याद्रीत एकत्र भटकलो आहोत. चहा येईपर्यंत मास्तरनं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. वर लिहिलं होतं : 'कांचनजुंगा बेस कॅम्प, १६ दिवस'.

मूळ आराखडा मी केलेला होता आणि तो २३ दिवसांचा होता. मास्तरनं त्यातले सात दिवस लाल पेनानं उडवले होते. घुन्साला विश्रांती, काट. कांबाचेनला विश्रांती, काट. ल्होनाकला विश्रांती, काट. हवामानासाठी राखून ठेवलेले दोन दिवस, काट. चढताना एक आणि उतरताना एक मुक्काम गाळून आणखी दोन दिवस वाचवले होते.

"दिवाळीच्या सुट्टीत बरोबर बसतंय बघ," तो म्हणाला. "चालायचं एक पाऊलही कमी केलेलं नाही. फक्त बसून राहायचे दिवस काढलेत."

त्याचं हे वाक्य मला महिनाभर पुरलं. कारण हिमालयातल्या लांबच्या ट्रेकचं नियोजन करताना आपण सगळे नेमकं हेच करतो. बूट कोणते घ्यायचे यावर तीन-तीन रविवार खर्च करतो. स्लीपिंग बॅगचे व्हिडिओ रात्र-रात्र बघतो. आणि दिवस कमी पडायला लागले की पहिली कात्री रिकाम्या दिवसांना लावतो. ते आपल्याला फुकट गेलेले दिवस वाटतात. माझं म्हणणं उलट आहे. अशा ट्रेकच्या नियोजनात रिकामे दिवस आधी मांडावेत आणि बाकीचं सगळं त्यांच्याभोवती बसवावं. ते बसत नसतील तर त्या वर्षी तो डोंगर सोडून द्यावा. हे मत मी पुस्तकातून घेतलेलं नाही. ते कसं झालं, ते पुढे सांगतोच. आधी ही जागा काय आहे ते पाहू.

कांचनजुंगा हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर, ८,५८६ मीटर. ते नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवर आहे, त्यामुळे भारतातलं सर्वांत उंच शिखरही तेच. नेपाळच्या बाजूनं त्याचे दोन बेस कॅम्प आहेत. उत्तरेचा पांगपेमा, ५,१४३ मीटर. दक्षिणेचा यालुंग हिमनदीच्या बाजूला, तिथे ट्रेकर साधारणपणे ओक्तांगपर्यंत जातात. मराठी माणसाला ही नावं अगदीच परकी नाहीत. मे २०१९ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे दहा गिर्यारोहक एकाच मोहिमेत या शिखरावर पोहोचले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या मोठ्या बातम्या केल्या होत्या. आम्हाला मात्र शिखर चढायचं नाही. त्याच्या पायथ्याशी जाऊन, मान वर करून बघायचं आणि परत यायचं, एवढाच इरादा.

एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जाणं आणि इथे जाणं यात फरक आहे. तिकडे वाटेवर गर्दी असते, बेकऱ्या असतात, डॉक्टर असतात. इकडे नेपाळच्या पूर्व टोकाच्या ताप्लेजुंग जिल्ह्यात आधी पोहोचायचं हेच एक काम आहे. आपल्याकडून बागडोगरापर्यंत विमान किंवा न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वे. तिथून पानीटंकी, मेची नदीवरचा पूल, आणि पलीकडे काकडभिट्टा. मग इलामच्या चहाच्या मळ्यांतून, फिदिमवरून दिवसभर जीपचा घाटरस्ता. त्यानंतर ताप्लेजुंग, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जीपनं सेकाथुमच्या दिशेला. खरं चालणं तिथून सुरू होतं : अम्जिलोसा, ग्याब्ला, घुन्सा, कांबाचेन, ल्होनाक, पांगपेमा. परत घुन्सापर्यंत उतरून साडेचार हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी ओलांडल्या की माणूस दक्षिणेच्या खोऱ्यात त्सेरामला पोहोचतो. तिथून ओक्तांग बघून याम्फुदिनमार्गे बाहेर.

आता आकड्यांकडे या. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण. जिथून चालायला सुरुवात करायची ते सेकाथुम साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. म्हणजे आपला महाराष्ट्र जिथे संपतो तिथे हा ट्रेक सुरू होतो. घुन्सा साधारण साडेतीन हजारांवर, कांबाचेन चार हजारांच्या थोडं वर, ल्होनाक पावणेपाच हजारांच्या आसपास. माझ्या आराखड्यात घुन्साला पोहोचल्यापासून पांगपेमाला पाय लागेपर्यंत सहा दिवस होते. मास्तरच्या कागदावर तीन. घुन्सापासून पांगपेमापर्यंतची चढाई जवळजवळ एका कळसूबाईएवढी भरते. हे कळसूबाई साडेतीन हजार मीटरच्या वर उभं आहे आणि मास्तर ते तीन दिवसांत चढवू पाहत होता.

डोंगरातल्या वैद्यकशास्त्राचा एक सर्वमान्य नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा. या वाटेवरचे मुक्काम पाचशेच्या हिशेबात बसत नाहीत. घुन्सा ते कांबाचेन सहाशेच्या घरात, कांबाचेन ते ल्होनाक सातशेच्या घरात. गावं आणि गोठ जिथे आहेत तिथेच राहावं लागतं, मधे झोपायला जागा नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन रात्री काढायच्या. मास्तरला 'बसून राहायचे' वाटलेले दिवस म्हणजे या नियमाचा हिशेब जुळवणारे दिवस आहेत. आणि त्या दिवशी बसूनही राहायचं नसतं. सकाळी तीन-चारशे मीटर वर चढायचं, थोडा वेळ थांबायचं आणि झोपायला खाली यायचं.

वर हवेत प्राणवायूचं प्रमाण कमी होतं असं आपण बोलून जातो. प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. पाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या थोडा वर राहतो, म्हणून प्रत्येक श्वासात हाताला लागणारा प्राणवायूही तितकाच. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याच्या गतीनं. तुम्ही रोज दहा किलोमीटर धावता की जिना चढून धापा टाकता याच्याशी त्या गतीचा फारसा संबंध नाही. उलट धावणारा माणूस पटकन वर पोहोचतो आणि लवकर आजारी पडतो, असंही होतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे तर सगळ्या माहितीपत्रकांत असतं. खरं आहे. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे आणि तो माझ्या चुकीतून आला आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण नेपाळमध्येच दुसऱ्या एका बेस कॅम्पला गेलो होतो. वेळापत्रक मी बनवलं होतं. परतीच्या रेल्वेचं तिकीट एक दिवस आधीचं मिळालं, म्हणून वाटेतला एक विश्रांतीचा दिवस मी काढून टाकला. एकच. कुणी हरकत घेतली नाही, उलट माझ्या नियोजनाचं कौतुक झालं. आमच्यात माझा चुलतभाऊ होता, वयानं मोठा, सगळे त्याला भाई म्हणतात. पावणेपाच हजार मीटरच्या वरच्या मुक्कामावर रात्री तो जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, भूक नाही. डोकं दुखतंय का? थोडंसं, थंडीनं. सकाळी तो बुटाच्या नाड्या बांधत बसला होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, गाठ बसेना. गाईडनं त्याला उभं केलं आणि एका सरळ रेषेत, टाचेला पायाचं बोट लावत चालायला सांगितलं. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला माझा भाऊ दोन पावलांत झोकांडी खाऊन भिंतीवर गेला.

गाईडनं चर्चा केली नाही. दहा मिनिटांत त्याला खाली न्यायला सुरुवात झाली. एका बाजूला गाईड, दुसऱ्या बाजूला आमचा भरिया, म्हणजे सामान वाहणारा, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. सहाशे-सातशे मीटर उतरल्यावर भाईचे डोळे जाग्यावर आले. संध्याकाळी त्यानं चहा मागितला. अल्लाहचा शुक्र, यापुढे काही झालं नाही. पण मेंदूला सूज आल्याची ती लक्षणं होती, आणि आणखी काही तास वर राहिलो असतो तर काय झालं असतं हे मला नंतर डॉक्टरनं सांगितलं. ते इथे लिहायची इच्छा नाही.

घरी आल्यावर मी त्याला एकदाच विचारलं, "भाई, डोकं कधीपासून दुखत होतं?" तो म्हणाला, "आदल्या दुपारपासून." मग गप्प का राहिलास? त्याचं उत्तर मी विसरू शकत नाही. "तुझ्या कागदावर थांबायला जागाच कुठे होती? मी बोललो असतो तर पाच जणांची तिकिटं गेली असती."

त्या दिवशी मला कळलं की रिकामा दिवस फक्त फुप्फुसांसाठी नसतो. तो खरं बोलण्यासाठी असतो. ज्या वेळापत्रकात एकही मोकळी जागा नाही, त्यात माणूस खोटं बोलतो. वाईट हेतूनं नाही, सभ्यपणानं. आपल्यामुळे बाकीच्यांचं नुकसान नको म्हणून. आपल्याकडे मोठ्या भावानं, पाहुण्यानं, गटातल्या वयस्कर माणसानं तक्रार करायची नसते, अशी शिकवणच असते. डोंगरात ही शिकवण जीव घेते, कारण उंचीच्या आजारात पहिली खूण दुसऱ्याला दिसत नाही. डोकं दुखतंय हे ज्याचं दुखतंय त्यानंच सांगावं लागतं. त्यानं ते सहज सांगावं असं वाटत असेल तर त्या सांगण्याची किंमत आधीच भरून ठेवावी लागते. राखीव दिवस म्हणजे ती आगाऊ भरलेली किंमत.

हे मी मास्तरला सांगितलं तेव्हा त्यानं तीन हरकती घेतल्या. त्या त्याच्या एकट्याच्या नाहीत, म्हणून इथे मांडतो.

पहिली, "गोळी मिळते ना." मिळते. ॲसिटाझोलामाइड नावाचं औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं आणि पुष्कळ लोक ते डॉक्टरच्या सल्ल्यानं घेतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यानं तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. पण ते मदतीला आहे, दिवसांच्या बदल्यात नाही. डोकेदुखीची गोळी खाऊन आणखी वर चढणं म्हणजे आग लागल्याची घंटा वाजतेय म्हणून घंटेची तार तोडण्यासारखं आहे. पन्नाशीतल्या माणसानं निघण्यापूर्वी हृदय, रक्तदाब, साखर तपासून घ्यावी. आपल्या घराघरांत मधुमेह आहे आणि तो लपवण्याची सवयही आहे.

दुसरी हरकत, "काही झालंच तर हेलिकॉप्टर येतं." येतं, आकाश उघडं असेल तर, उतरायला जागा असेल तर, आणि पैसे कोण देणार हे कुणीतरी फोनवर कबूल केलं असेल तर. बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते, तिच्या वर गेलात की पॉलिसी गप्प बसते. ती ओळ घरी बसून शोधून वाचावी. आणि हवामानाबद्दल म्हणाल तर याच ताप्लेजुंग जिल्ह्याचा इतिहास वाचा. २३ सप्टेंबर २००६ रोजी कांचनजुंगा संरक्षण क्षेत्राचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती सोपवण्याचा सोहळा आटोपून निघालेलं हेलिकॉप्टर घुन्साजवळ कोसळलं. त्यात २४ माणसं गेली. नेपाळचे वन राज्यमंत्री गोपाल राई होते, चंद्र गुरुंग, हर्क गुरुंग, मिंग्मा नोर्बू शेर्पा यांच्यासारखे निसर्ग आणि डोंगर यांच्यासाठी आयुष्य दिलेले लोक होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच जिल्ह्यात पाथीभराजवळ दुसरं हेलिकॉप्टर कोसळलं, त्यात देशाचे पर्यटन आणि नागरी उड्डाण मंत्री रवींद्र अधिकारी गेले. ज्यांच्या दिमतीला सगळी यंत्रणा होती त्यांनाही त्या आकाशानं सवलत दिली नाही. हेलिकॉप्टर हा शेवटचा उपाय आहे. त्याला वेळापत्रकात धरायचं नसतं.

तिसरी हरकत, "लोक कमी दिवसांत करून येतातच की." येतात. करून आलेल्यांचे व्हिडिओ निघतात. परत फिरलेल्यांचे आणि आजारी पडून उतरलेल्यांचे फारसे निघत नाहीत. भाईचा तो फोटो आमच्याकडेही कुणी काढला नाही.

आता ज्यांचा हिशेब आपल्या कागदावर कधी येतच नाही त्यांच्याबद्दल. आपण पाठीवर सात-आठ किलो घेऊन चालतो कारण उरलेलं कुणीतरी वाहत असतं. डोक्यावरून नाम्लो, म्हणजे कपाळपट्टी, आणि पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली. भरिया म्हणजे डोंगरातला माणूस, त्याला उंचीचं काही होत नाही, हा आपला आवडता गैरसमज. बरेच भरिये खालच्या गावांतून येतात. त्यांच्या शरीराला उंचीची सवय आपल्याइतकीच नवी असते, वर ओझं तिप्पट. दिवस कापले की तेही तेवढ्याच वेगानं वर चढतात, आणि आजारी पडलं तर सांगत नाहीत, कारण सांगितलं की मजुरी बुडायची भीती. भाई तिकिटांसाठी गप्प राहिला होता, ते रोजीसाठी गप्प राहतात.

म्हणून एजन्सी ठरवताना दर विचारण्याआधी हे प्रश्न विचारावेत. एका माणसाच्या पाठीवर किती किलो देता? नेपाळच्या भरियांसाठी तीस किलो ही वरची मर्यादा मानली जाते, आणि त्यात त्याचं स्वतःचं सामानही धरायला हवं. त्याचा विमा आहे का? उंचावर झोपायला त्याला गरम कपडे, पांघरूण आणि आडोसा कोण देतं? तो आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार, आणि त्या दिवसांची मजुरी मिळणार का? ज्या एजन्सीला या प्रश्नांचा राग येतो तिच्याबरोबर जाऊ नये. आणि जिचा दर सगळ्यांत स्वस्त आहे तिनं तो कुणाच्या पाठीतून काढला, हेही समजून घ्यावं. माझ्या भावाला ज्या पोरानं खांदा दिला, त्याच्या अंगावर त्या पहाटे साधं जर्किन होतं. आम्ही पाच जण डाउनच्या जॅकेटात होतो. ही गोष्ट मला अजून बोचते.

बाकीचं नियोजन त्यामानानं सोपं आहे. हंगाम दोन, पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि त्याआधी एप्रिल-मे. हा भाग निर्बंधित असल्यामुळे एकट्यानं उठून जाता येत नाही, परवाने नोंदणीकृत एजन्सीमार्फत काढावे लागतात आणि गाईड बरोबर लागतो. आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही म्हणून परवानाही लागत नाही अशा समजुतीत राहू नये. नियम आणि दर बदलत असतात, निघण्यापूर्वी ताजे विचारून घ्यावेत. ताप्लेजुंगच्या पुढे नोटा काढायचं यंत्र नाही, म्हणून नेपाळी रोख रक्कम आधीच जवळ ठेवावी. आमचे वाचक जेवणाचं विचारतातच : दाळ-भात-तरकारी सगळीकडे मिळते, पोट भरेपर्यंत वाढतात, आणि हलालचा प्रश्नच उभा राहत नाही. खालच्या लिंबू गावांत पाहुण्याला तोंगबा, म्हणजे कोदोची गरम दारू, प्रेमानं पुढे करतात. नम्रपणे नको म्हटलं तर कुणी वाईट मानत नाही, आणि उंचीवर दारू टाळावी असं डॉक्टरही सांगतात. तयारीसाठी सहा महिने पाठीवर ओझं घेऊन चढ-उतार करावेत. त्यासाठी आपला सह्याद्री उत्तम आहे. तो पाय आणि गुडघे तयार करतो, उंचीची सवय मात्र त्याच्याकडे मागू नये.

मग ज्याच्याजवळ २३ दिवस नाहीतच, त्यानं काय करावं? हा प्रश्न खरा आहे आणि तो मी उडवून लावत नाही. मास्तरला शाळेची सुट्टी ठरावीक आहे. रोजंदारीवरच्या माणसाला तेवढीही नाही. मोठा ट्रेक ही ज्याला रजा परवडते त्याची चैन आहे, हे कबूल करायला हवं. तरीही माझं उत्तर तेच : दिवस कमी असतील तर डोंगर बदला, दिवस कापू नका. फक्त उत्तरेचा बेस कॅम्प करून आल्या वाटेनं परत फिरलं तरी थोडे दिवस वाचतात आणि विश्रांतीला धक्का लागत नाही. त्याहून कमी असतील तर सिंगालीला रांगेतलं संदकफू आहे, ३,६३६ मीटर. तिथून पहाटे हीच कांचनजुंगा आडवी पसरलेली दिसते. लांबून दिसते एवढंच. लांबून बघणं ही काही हार नव्हे.

या शिखराचाच इतिहास यात माझ्या बाजूनं साक्ष देतो. २५ मे १९५५ रोजी चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश मोहिमेतले जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन सर्वांत आधी वर पोहोचले आणि माथ्याच्या काही फूट खाली थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी हा डोंगर पवित्र आहे, म्हणून माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द तिथल्या राजाला आधीच दिलेला होता. दुसऱ्या दिवशी गेलेल्या जोडीनंही तो पाळला, आणि नंतर आलेल्या अनेकांनी ती रीत चालू ठेवली. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कुठे थांबायचं हे त्यांनी वर पोहोचल्यावर ठरवलं नव्हतं. वर, दमलेल्या मेंदूनं, चार पावलांवर माथा दिसत असताना कुणी असा निर्णय घेऊ शकेल का, याची मला शंका आहे. तो खाली, शांतपणे, शब्द देऊन घेतलेला होता.

आपलंही नियोजन असंच असावं. घरी बसून, चहा पिताना, लिहून काढावं : कोणत्या लक्षणाला थांबायचं, कोणत्या लक्षणाला उतरायचं, उतरणाऱ्याबरोबर कोण जाणार, आणि परत फिरायचा निर्णय कुणाचा. आमच्या कागदावर आता तो गाईडचा आहे, आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही असं तिघांच्या सहीनं लिहिलं आहे. बसून असताना धाप लागली, खोकला थांबेना किंवा पाय सरळ पडेना तर रात्र असो की पहाट, खाली निघायचं. रोज संध्याकाळी प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, डोकं कसं आहे, जेवण गेलं का, झोप लागली का. भरियांनाही विचारायचं, आणि आजारपणाच्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं.

मास्तरनं कागद पुन्हा घरी नेला. आठ दिवसांनी फोन आला. त्यानं मुख्याध्यापकांशी बोलून पाहिलं, या वर्षी सुट्टी वाढत नाही. दुकानदार मित्र म्हणाला, मग आपण दोघं जाऊन येऊ. मास्तर फोनवर क्षणभर थांबला आणि म्हणाला, जा, मी मुलीला घेऊन संदकफूला जातो. त्याच्या आवाजात नाराजी होती, ती मी ऐकली. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं की या वर्षी तिघं मिळून संदकफू, मास्तरची मुलगीही बरोबर. पांगपेमा पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या. मास्तर विनावेतन रजेचा अर्ज आत्ताच टाकणार आहे.

अम्मीला हे सांगितलं तेव्हा तिनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला : परत कोणत्या तारखेला येणार? पूर्वी मी एक तारीख सांगायचो आणि ती कॅलेंडरवर गोल करून ठेवायची. भाईच्या वेळी त्या गोलाच्या पुढचे तीन दिवस तिनं कसे काढले ते मला माहीत आहे. या वेळी मी तिला तीन तारखा सांगितल्या. तिनं तिन्हींना गोल केला आणि म्हणाली, "शेवटच्या तारखेपर्यंत मी फोन करणार नाही. तोवर घाई करू नकोस."

आमच्या नियोजनातला हा पहिला रिकामा दिवस, आणि तो अम्मीनं दिला.